उंबऱ्यावरचा गडवा

१

सकाळचा चहा झाला की मी धानाच्या खोलीत जाऊन बसत असे. आंधळगावच्या आमच्या घराला एकामागे एक तीन खोल्या आहेत. पुढे बैठक, मध्ये स्वयंपाक आणि मागे ही. तिन्ही दारं एका रेषेत, त्यामुळे आंगणात उभं राहिलं तरी मागच्या खोलीतली बांबूची ढोली दिसते. यंदाचं धान नुकतंच तिच्यात भरलं होतं. घरात वर्षाचं धान असलं की माणसाला निवांत वाटावं. मला मात्र तिच्याकडे पाहून आधी घुशी आठवत, मग ओल, मग ओलीने भिंत खचली तर काय, ते.

मी नागपूरच्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते काढणं हे माझं काम. फार कमी शक्यता म्हणजे नाहीच, असं लोक धरून चालतात. मला ते कधी जमलं नाही. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मी वर्गात हसत हसत सांगायचो आणि घरी येऊन गॅसचा खटका पुन्हा पुन्हा तपासायचो. निवृत्तीनंतर गावी आलो, तर काळज्याही सामानाबरोबर आल्या. विहिरीच्या मोटारीची उघडी वायर, हैदराबादला असलेली आमची मुलगी ज्योत्सना, माझ्या छातीतला एखादा चुकलेला ठोका.

माझी पत्नी रत्नाबाई याच्या अगदी उलट. उशीला डोकं लागलं की झोपणारी. पण मी उठलो की तीही उठायची. गेल्या दिवाळीनंतर तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, यांना शांत झोप हवी, आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत होती. "गोळी मले देली जी त्यानं. पन खरी दवा तं तुमाले द्याले पायजे होती."

तेव्हापासून मी रोज सकाळी तिला विचारू लागलो, "गोळी घेतली का?" ती रोज वैतागायची. "घेतली, घेतली. लेकरू हाओ का मी?" मी तरी विचारायचो.

तिच्या झोपेसाठी म्हणून मी ध्यान शिकायला गेलो. हे खरं आहे. स्वतःसाठी गेलो असतो तर कदाचित टिकलोही नसतो.

२

मोहाडीला पुंडलिकराव रविवारी ध्यान शिकवत. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गोल चेहऱ्याचे, मोठ्याने हसणारे. माझी कहाणी ऐकून ते म्हणाले, "सर, तुमचं डोकं म्हणजे आमच्या मोहाडीचा बाजार. झिंगेवाली ओरडते तिथंच बांगडीवाला ओरडते. बाजार बंद नाही करता येत. आपण फक्त तिथून घरी यायचं."

"आणि बाजार मागे आला तर?"

"येईलच. विचार आला तर त्याच्याशी भांडू नका. पाहुणा समजा. त्याला नमस्कार करा, दारापर्यंत पोचवा, आणि तिथूनच परत फिरा. त्याच्या मागं मागं जायचं नाही, बस. एवढंच आहे हे सगळं."

मी ते नीट लिहून घ्यायला लागलो तसे ते पुन्हा हसले. "पाहा, पाहा. लिहून घेण्याचीही काळजी."

मला चित्रं डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. लोकांना म्हणे डोंगर दिसतो, आकाश दिसतं. मला दार म्हटलं की आमचंच दार दिसलं. धानाच्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून बैठक, मग उंबरा, बाहेर पायरी आणि तुळशीपलीकडे आंगण. मी विचाराला त्याच वाटेने नेऊ लागलो. दुसरं दार शोधावं असं मनातही आलं नाही.

३

पहिले काही दिवस नुसती फजिती झाली. एकाला पोचवून येईपर्यंत दुसरा ढोलीमागून डोकं काढी. मग एका सकाळी जमलं.

गॅसच्या खटक्याचा विचार आला. मी त्याला नमस्कार केला. तो उठला. मी त्याच्या मागोमाग चाललो. त्याचे पाय जमिनीवर घासत होते, दमलेल्या माणसाचे घासतात तसे. उंबऱ्यापाशी तो थोडा थांबला आणि मग उतरला. मी परत फिरलो.

डोळे उघडले तेव्हा खोलीत इतकी शांतता होती की ढोलीतलं धान खाली बसतं त्याची सरसर ऐकू आली. मला रडू आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि ज्याला शांत वाटणं म्हणतात ते पहिल्यांदाच भेटत होतं.

मी बाहेर आलो. रत्ना पायरीवर उभी होती. उंबऱ्यावर पितळी गडवा ठेवलेला, रिकामा. पायरीजवळची फरशी ओली.

आमच्याकडे कोणीही दारात आलं की आधी पाय धुवायला गडवाभर पाणी ठेवतात, मग "या, बसा". पाणी न देता कोणाला परत पाठवणं म्हणजे घराला कमीपणा. माझ्या आईने रत्नाला लग्न होऊन आल्या आल्या शिकवलेलं ते पहिलं काम.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"होते एक," ती म्हणाली. "आंगनात उभे होते बिचारे. तोंड उतरून गेलं होतं पार. मी पानी देलं."

"गेले?"

ती जरा गोंधळली. पायरीला लागून असलेल्या छपरीत अंथरलेल्या चटईकडे तिने पाहिलं. "गेले असतीन," ती म्हणाली.

फरशीवर एक ओलं पाऊल वाळत होतं. उजवं. माझ्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी बैलबंडीच्या चाकाखाली गेली, त्यामुळे माझं पाऊल चार बोटांचं उमटतं. हेही चार बोटांचं होतं. मी सकाळी दात घासून इथूनच आत गेलो होतो, हे मला आठवलं आणि पटलं. उन्हाळा नव्हता, हिवाळ्यात ओल तास तास राहते. मी चपला घालून गेलो होतो, हे आठवायला दुपार झाली.

४

त्या रात्री मी गॅस पाहायला उठलो नाही. सकाळी जाग आली तेव्हा अंग हलकं होतं. पण शेजारची गादी रिकामी होती.

रत्ना स्वयंपाकघरात सिलिंडरसमोर बसली होती.

"काय झालं?"

"काही नाई. खटका बंद हाये का पाहून राहिली."

"आहे ना बंद."

"हो, हाये." ती उठली, दोन पावलं गेली, पुन्हा वळली, पुन्हा वाकली. ते वाकणं मी ओळखलं. डावा हात गुडघ्यावर, मान तिरपी. गॅसला पटवून द्यायला निघाल्यासारखं ते वाकणं माझं होतं.

मी स्वतःला समजावलं. पन्नासेक वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांचं खोकणंसुद्धा उचलतात. मी थांबलो, तर घरात कोणीतरी तपासायला हवं, असं तिला वाटलं असेल. हे कारण चांगलं होतं. मी ध्यानाला जाऊन बसलो. त्या दिवशी मोटारीच्या वायरला पोचवलं, दुसऱ्या दिवशी छातीतल्या ठोक्याला.

शेजारची रेवताबाई तलावावरून मासे घेऊन आमच्या दारावरून जाते. एकदा ती आंगणात टोपली टेकवून बोलत होती, मी बैठकीतून ऐकलं.

"काहून व रत्नाबाई, तुह्या घरी पाव्हणे लय येऊन राहिले? गडवा कवाचा बाहेरच दिसते."

"येतात व कोनी कोनी. सरांच्या नात्यातले वाटतात."

"मले तं कोनी दिसलं नाई येताना-जाताना."

"तू आपले मासे पाहत जातं. मानसं काहाले दिसतीन तुले?"

दोघी हसल्या. रेवताबाई उठताना म्हणाली, "पन तू सुकून चालली व. पाव्हण्याइले जेवू घालतं आनि आपन उपाशी राहतं का?"

मी खिडकीतून पाहिलं. रत्नाच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकत होत्या. पूर्वी त्या काढायला साबण लागायचा.

५

ज्योत्सनाचा फोन संध्याकाळी येतो. रत्ना फोन स्पीकरवर ठेवून पोपटीच्या शेंगा सोलत बसते, मी खुर्चीत ऐकतो. त्या संध्याकाळी बोलणं संपत आलं होतं तेव्हा रत्ना एकदम म्हणाली, "बाई, तू पंख्याखाली नको झोपत जाऊ."

"काय?" ज्योत्सना हसली. "आई, थंडी आहे. पंखा बंदच आहे."

"बंद असला तरी. खाट भिंतीकडे सरकव. तो पंखा पडते म्हनते मी. आजच सरकव माय."

"आई, हे काय नवीन? बाबांचं वारं लागलं का तुला?"

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

ज्योत्सना पाळण्यात असताना, भाड्याच्या घरात, मला वाटायचं की छताचा पंखा निसटून तिच्यावर पडेल. मी पाळणा रोज जरा सरकवायचो आणि रत्ना तो परत जागेवर आणायची, का सरकतो म्हणून नवल करायची. मी कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. शिकलेला माणूस, आणि त्याला पंख्याची भीती. पुढे मुलगी मोठी झाली, लग्न झालं, पण त्या भीतीचं काही लग्न झालं नाही, ती माझ्याजवळच राहिली. जगात ती माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

आणि त्याच दिवशी सकाळी मी त्या भीतीला नमस्कार करून दारापर्यंत पोचवलं होतं.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "हे पंख्याचं तुला कोणी सांगितलं?"

शेंगा सोलणारे तिचे हात थांबले. "ते आले होते ना आज," ती म्हणाली. "लय जुने वाटत होते. म्हातारे. बसले आनि हेच सांगत राहिले."

"रत्ना, कोण असतात हे?"

"मले काय माहीत जी? खाली मान घालून राहतात. चालन्यात तुमच्यावर गेले, एवढं समजते." मग हलक्या आवाजात, "तुमी आतून घालवता का त्याइले?"

मी खाली ठेवलेला पेला उचलून आत घेऊन गेलो.

६

रत्नाला डॉक्टरांकडे नेलं. वाराचं नाव, महिना, मुलीचं गाव, तिने सगळं बरोबर सांगितलं. वय आहे, जपा, असं ते म्हणाले. निघताना तिने त्यांना विचारलं की तुमच्या जिन्याला कठडा काहून नाही.

मी ध्यान बंद केलं. पण मन काळज्यांनी पुन्हा भरेना. गॅस आठवला तर गॅस आठवायचा, निळी ज्योत दिसायची, आणि ती दिसून विझायची. मी मुद्दाम भिण्याचा प्रयत्न केला. वायरीला हात लावला तर काय, म्हणून मोटारीपाशी उभा राहिलो. काही वाटलं नाही. एकच काळजी तेवढी शिल्लक होती, कारण तिला दाराकडे न्यायला मी कधी तयार झालो नव्हतो. रोज सकाळी विचारायची ती गोळीची तेवढी एक.

रत्ना म्हणायची, "घेतली." पण आता वैतागत नव्हती. घाईत असायची. चटई झटकायची, गडवा भरायचा. मी बसायचं थांबवलं तरी आले होते ते गेले नव्हते, हे तिच्या हालचालीवरून कळत होतं. छपरीतून जाताना ती पदर सावरून, अंग चोरून जायची, दाटीतून जावं तसं.

"नको देऊस पाणी कोणाला," मी एकदा जोराने म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "दारात उभ्या मानसाले पानी नाई म्हनू?"

पुंडलिकरावांना गाठलं. मी जे सांगितलं ते ऐकताना त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"सर, तुम्ही कोणतं दार पाहता?"

"आमचंच."

"घराचं?" ते बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले. "बाहेर वहिनी असतात का त्या वेळी?"

"आंगणात. झाडत असते."

"नका बसू आता," ते म्हणाले. एवढंच. मला बाहेर सोडायला आले, पण फाटकापर्यंत आले नाहीत.

त्या रात्री झोपताना रत्ना म्हणाली, "तुमी बसत जा जी. मले राग नाई. इतक्या वर्षांनं तुमाले झोप लागून राहिली, पाहून बरं वाटते. माह्यानं होते इतकं." आणि भिंतीकडे तोंड करून जागी राहिली. मी झोपलो. हे सांगायची लाज वाटते, पण मी झोपलो. मला झोप आली.

७

सकाळी मी ठरवलं. जसे एकेकाला बाहेर नेले, तसे एकेकाला परत आत आणायचे. ते माझे होते. तिच्या चटईवर बसण्याचा त्यांना हक्क नव्हता.

चहा झाला. मी धानाच्या खोलीत बसलो. बाहेर झाडूचा आवाज येत होता. मी डोळे मिटले आणि त्याच वाटेने निघालो, स्वयंपाकघर, बैठक, उंबरा. उंबऱ्यावर उभा राहून हाक मारली. "या. आत या." कोणी हललं नाही. माझा आवाज त्यांना पोचत नसावा. रत्नाची पाठ दिसत होती, वाकलेली, आणि तिच्या पाठीचं हाड लुगड्यातून वर आलं होतं. मला इतकं भरून आलं की मी पुढचा विचार केला नाही. पायरी उतरून मी तिच्याकडे गेलो.

झाडूचा आवाज थांबला.

अनवाणी पायाला आंगणातली माती गार लागत होती. तुळशीवर ऊन आलं होतं. मी ध्यानातून कधी उठलो, बाहेर कधी आलो, ते आठवेना. आठवेना म्हणजे झोपेत चाललो असेन, या वयात होतं तसं, असं मी स्वतःला सांगत होतो तोवर रत्नाने झाडू भिंतीला टेकवला, आत गेली, आणि गडवा भरून आणला. माझ्यापुढे ठेवला.

"घ्या जी, पाय धुवा."

"रत्ना, थट्टा नको."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. आपल्याला नावाने हाक मारणारा हा कोण, असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेलं. मग दमलेल्या माणसाकडे पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत राहिली, मायेनं, पण ओळख नसताना.

"सर ध्यानाले बसले हायेत," ती म्हणाली. "उठतीन आता. तुमी बसा."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. तिन्ही दारं उघडी होती. शेवटच्या दारात, ढोलीशेजारी, माझा करडा स्वेटर. त्यातली पाठ ताठ होती. माझी पाठ कधी इतकी ताठ नव्हती. तो श्वास घेत होता, सावकाश, काही राहिलं नसल्यासारखा.

मी पाय धुतले. दुसरं काय करणार होतो? फरशीवर माझं चार बोटांचं पाऊल उमटलं. तिथून छपरीकडे तशीच पावलं गेली होती, वाळत आलेली, अर्धी वाळलेली, ओली. सगळी चार बोटांची. चटई जागोजागी दबलेली होती. मी त्या बाजूला अजून नीट पाहिलेलं नाही.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. उंबऱ्यात उभा राहिला. चेहरा किती छान दिसत होता! उन्हाकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं. "चहा ठेव गं थोडा," तो म्हणाला, प्रेमळ आवाजात. रत्ना त्याच्यासमोर उभी होती. ती थांबली होती. रोज या वेळेला काहीतरी विचारलं जातं आणि ती उत्तर देते, त्याची वाट पाहत ती थांबली होती. तो तिच्या बाजूने निघून गेला, हात मागे बांधून, फाटकाबाहेर, फिरायला.

ती तशीच उभी.

मग मीच विचारलं. माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

"गोळी घेतली का?"

तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "नाई जी," ती म्हणाली. "राहून गेली." आणि जरा वेळाने, "आमच्या घरी हे विचारनारे होते एक."

ती आत जाऊन गोळी घेऊन आली. पाण्याचा घोट घेऊन ती गिळली. मग ती छपरीत गेली, चटईच्या कडेशी बसली, शेजारच्या कोणाला तरी "सरका जी थोडं" म्हणाली, आणि मोकळी झालेली जागा पदराने पुसून तिने माझ्याकडे पाहिलं.